नळाची विहीर

धाकटीला मुंबईला दिली आणि मला मंचरला. वास्तविक मुंबईचं स्थळ माझ्यासाठी आलं होतं. ही गोष्ट मी घरात कुणाला विसरू दिली नाही आणि स्वतःही विसरले नाही. आता ती नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ती असती तर हे लिहिलं नसतं, कारण लिहिता लिहिता माझ्या हातून तिचं कौतुक झालं असतं आणि ते तिनं वाचलं असतं.

आम्ही मूळचे मारवाडातले, पण जुन्नरला आमची तिसरी पिढी. वडिलांचं किराण्याचं दुकान. घरात धर्म जैनांचा आणि बोली जुन्नरची. दिवस मावळला की जेवण नाही. ताटात घेतलेला कण टाकायचा नाही. जेवून झालं की त्याच ताटात पाणी ओतून, ताट धुऊन, ते पाणी पिऊन टाकायचं. आणि पाणी गाळायचं. गाळायचं म्हणजे नुसतं हंड्यावर फडकं धरून भागत नसे. गाळल्यावर फडक्याला जे बारीक जीव लागलेले असतात, ते फडकं उलटं करून, वरून गाळलेलंच पाणी सोडून, तांब्यात उतरवून घ्यायचे. मग तो तांब्या घेऊन ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच ते सोडायचे, तेही पाण्याला तांब्या टेकवून, वरून धबकन ओतून नव्हे. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत, असं आई सांगायची. आमच्या आळीच्या बारवेला खूप पायऱ्या होत्या. रोज त्या उतरून चढून माझ्या पोटऱ्या कशा घट्ट झाल्या होत्या.

मुंबईची पाहुणेमंडळी मला बघायला आली, त्या सकाळची गोष्ट. मुलाची आई होती, मामा होते. आई म्हणाली, "पाणी आण गं." मी ताजं पाणी गाळलं, हंडा भरला, आणि तांब्या घेऊन बारवेकडं निघाले. खरं तर मागच्या दारानं गेले असते तर पटकन परतले असते. पण पाहुण्यांनी बघावं, पोरगी किती नेमाची आहे ते, म्हणून मी मुद्दाम पुढच्या दारानं, ओसरीवरून, मान खाली घालून गेले. पाहुणे सुपारी कातरत होते. कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी पायऱ्या उतरून, पाण्याला तांब्या टेकवून, सावकाश जीव सोडून परत आले तोवर धाकटीनं पाणी दिलं होतं. आई चुलीपाशी अडकलेली, मी दिसेना, म्हणून तिनं पेले भरले आणि नेऊन ठेवले. मुलाच्या आईनं तिला जवळ बसवून चार गोष्टी विचारल्या. ती हसून बोलली; तिला ते जमायचं. मी दारात आले तेव्हा त्या बाई वडिलांना म्हणत होत्या, "आम्हाला पोरगी पसंत आहे."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि मान डोलावली. किराणा दुकानदाराला माल परत घेऊन दुसरा दाखवायची सवय नसते. एका मांडवात दोन लग्नं झाली. तिचा नवरा मुंबईला कापडाच्या पेढीत, माझा मंचरला बटाट्याचा व्यापारी. अख्खं मंचर कांद्याबटाट्यानं भरलेलं, आमच्या अंगणात पोत्यांची थप्पी, आणि आमच्या चुलीला मात्र जमिनीखालचं काही शिवलेलं नाही. लोक हसायचे. "शेटाणी, तुमी इकताय आन् खात न्हाई, म्हंजी बटाट्यात काय हाय तरी काय?" मी म्हणायचे, "हाय काय तरी, म्हणून तर तुमी खाताय."

ती वर्षाआड माहेरी यायची. बैलांच्या दमणीतून उतरताना आधी तिच्या पायातल्या चपला दिसायच्या, मग ती. तिचं 'न्हाई' जाऊन 'नाही' आलं होतं. घरात बसूनच पाणी येतं, तोटी पिळली की झालं, हे ती इतक्या साधेपणानं सांगायची की मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटायचा. बढाई मारली असती तर बरं झालं असतं, मला निदान बोलता आलं असतं. आळीतल्या बायका तिच्याभोवती बसायच्या, आणि मी मंचरहून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून आलेली, मला कुणी विचारायचं नाही की तिकडं काय चाललंय. मंचरला काय चालणार?

मग एका दिवाळीला आली ती गोड खाईना. ही पोरगी लहानपणी दुकानातल्या ढेपेचा गूळ नखानं खरवडून खायची, तिनं लाडवाला हात लावला नाही. "नको," एवढंच म्हणाली. आत्या म्हणाली, "मुंबईचं त्वांड झालं बाई. आपला गूळ कुठला ग्वाड लागायचा." सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. बरं वाटलं मला. तिच्यात एक तरी खोट निघाली होती.

त्यानंतर वर्षभरानं आमच्याकडंही मुंबईची गोष्ट आली. ह्यांच्या मामांचं तिकडं कापडाचं दुकान होतं. त्यांचं वय झालं होतं, विश्वासाचं माणूस पाहिजे होतं. भागी देतो, या, म्हणून निरोप आला. मंचरचं दुकान धाकट्या दिरांवर टाकता येण्यासारखं होतं. हे दोन दिवस पोत्यांवर बसून विचार करत राहिले. ह्यांना विचार करायचा असला की हे बटाटे निवडायला घेत. शेवटी मला म्हणाले, "मुंबई लई महाग हाय म्हणत्यात. मिळंल तेवढं तितंच जायाचं. पन घर तुला चालवायचं हाय. तू भनीकडं पंधरा दिस ऱ्हाऊन ये. परवडंल म्हनलीस तर जाऊ, न्हाई म्हनलीस तर न्हाई."

आजपर्यंत मला कुणी एवढं मोठं काही विचारलं नव्हतं. मी वरवर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." मनात मात्र मी त्याच क्षणी मुंबईला पोचले होते. तिच्या शेजारची खोली घ्यायची, तिच्याहून एक हात मोठी, हेही ठरवून टाकलं होतं.

तळेगावपर्यंत दमणी आणि पुढं आगगाडी. मामेसासरे त्याच सुमारास गावाकडं आले होते, त्यांची सोबत मिळाली. तिची खोली एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर होती. एक खोली आणि तिच्यापुढं चूल मांडण्यापुरती अर्धी. त्यात ती दोघं, दोन पोरं, आणि आता मी. आमच्या मंचरच्या घरात एवढी जागा नुसत्या बारदानाला लागायची. हे बघून मला आनंद झाला, तो अर्धा दिवस टिकला. कारण मग मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आरसा बघितला, संध्याकाळी रस्त्यावर काठी घेऊन दिवे लावत जाणारा माणूस बघितला, आणि भाजीवाली तिसऱ्या मजल्याच्या दारापर्यंत टोपली घेऊन चढून आलेली बघितली. ट्रामची घंटा ऐकू यायची. बहिणीनं मानही वर केली नाही, तिला ती ऐकूच येत नव्हती. घंटेची सवय होण्याइतकं माणसानं सुखात असावं म्हणजे काय?

आणि नळ. मजल्याच्या टोकाला सगळ्यांच्यात एक होता. सकाळी ठराविक वेळच पाणी यायचं, त्याला बायकांची रांग लागायची, भांडणं व्हायची, ते सगळं खरं. पण तोटी पिळली की पाणी यायचं. ना पायरी, ना दोर, ना डोईवर हंडा. मी त्या नळापुढं उभी राहिले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्या पोटऱ्यांनी जन्मभर जे केलं ते ही दोन बोटांनी करत होती.

महागाई मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्यासाठीच तर आले होते. सरपण तोलून विकत. कोथिंबीर विकत, आमच्याकडं मिरच्या घेतल्या की वर मूठभर टाकतात. कहर म्हणजे जमीन सारवायला शेण विकत. एक बाई पाटीत शेण घेऊन यायची आणि बहीण तिच्याशी घासाघीस करायची. ते बघून मला एवढं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. तीही हसली. म्हणाली, "जीजी, इथं म्हशीला सुद्धा कळलंय आपली किंमत."

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज पाणी मी गाळते. गाळलं, फडकं उलटं केलं, जीव तांब्यात घेतले आणि सवयीनं उठून दाराकडं निघाले. दारात येऊन थांबले. "कुठं सोडायचं गं?" मी विचारलं.

ती भाकरी थापत होती. वर बघितलं नाही. हातानं नुसती कोपऱ्यातली मोरी दाखवली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. ह्याच तांब्यासाठी माझी मुंबई गेली होती. हा तांब्या घेऊन मी बारवेच्या पायऱ्या उतरत होते तेवढ्यात हिनं माझं स्थळ घेतलं, माझा नळ घेतला, घड्याळ घेतलं, ट्रामची घंटा घेतली, आणि आता ते जीव ही मोरीत ओतते! आईनं शिकवलेलं एवढंही हिला ठेवता येऊ नये? मी बोलायचं ते बोलले, बोलू नये ते बोलले. चपलांवरून बोलले, 'नाही'वरून बोलले. शेवटी म्हणाले, "मी न्हाई वतनार मोरीत. मी पाप करायला आले न्हाई हितं."

आणि तशीच तांब्या घेऊन जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. जिना खाली जात होता, खाली फरसबंद चौक होता, चौकाच्या पुढं रस्ता. एवढ्या मोठ्या शहरात त्या तांब्यासाठी उतरायला एक पायरी नव्हती. शेजारच्या बाया नळावरून माझ्याकडं बघत होत्या. किती वेळ उभी होते कोण जाणे. ती पिठाच्या हातांनी आली आणि माझ्याजवळ कठड्याला टेकली.

"त्या चौकात विहीर होती," ती म्हणाली. नव्या फरसबंदीचा गोल डाग दाखवला. "पाणी नळाचं, सोडायचं विहिरीत, म्हणजे चूकच. पण निदान पाण्यात तरी जायचं. मग हिवतापाचे डास होतात म्हणून विहिरी बुजवायला घेतल्या. ही पण बुजवली."

"मग नळाचं पानी येतं कुठनं?"

"मी विचारलं ना. यांना विचारायला लावलं. लांब डोंगरात तळं आहे म्हणे, तिथनं लोखंडाच्या नळातून येतं." मग तिचं बोलणं एकदम जुन्नरचं झालं. "तितं रोज कोन जानार, जीजी? पह्यले काई दिस मी तांब्या झाकून ठिवायची. ठिवून काय व्हतंय? सांजपातूर काय उरतं त्यात? मग महासतीजी आल्या व्हत्या चौमाशाला, त्यास्नी विचारलं. त्या म्हनल्या, दोष लागतोच, टळत न्हाई. तुला जमंल ते सोड."

महासतीजी म्हणजे आमच्या साध्वी. त्यांच्यापुढं हात जोडून एखादी गोष्ट सोडायचा नेम घ्यायचा, त्याला आम्ही पच्चखाण म्हणतो. एकदा घेतलं की मोडायचं नाही.

"काय सोडलंस?" मी विचारलं. आणि विचारतानाच मला कळलं.

"ग्वाड," ती म्हणाली. "मोरीत सोडायला लागले त्या दिसापासनं."

मग ती म्हणाली, "कुनाला सांगू नगं. सांगितलं की सोडल्याचं काय ऱ्हात न्हाई."

मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर छान दिसेल. वाटलंही असेल थोडं. पण आधी जे वाटलं ते असं: हिनं मुंबईही घेतली आणि पुण्यही घेतलं. मी इतकी वर्षं पायऱ्या उतरले त्याचं काय? तो माझा नेम होता, कारण विहीर घरापासून चार पावलांवर होती. मी काही सोडलं नव्हतं. एक मुंबई तेवढी सुटली होती, तीही माझ्या हातून निसटलेली. जे मिळालंच नाही त्याचं पच्चखाण होत नाही.

मी त्या दिवशी तांब्या मोरीत ओतला. पुढचे बारा दिवसही ओतला. पहिल्या दिवशी डोळे मिटून, मग उघडे ठेवून, आणि शेवटी शेवटी बोलता बोलता. एवढ्या लवकर सवय होते, हे मी कुणाला सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला सरळ विचारलं, "खरं सांग. परवडतं का गं हितं?"

तिनं विचार केला. "भाड्याचं काय, ते महिन्याला एकदा द्यायचं," ती म्हणाली. "हे रोज सकाळी द्यावं लागतं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पण तू ये, जीजी. दोघी असलो म्हणजे जड नाही जाणार. मला इथं मनातलं बोलायला कुणी नाही." तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

मंचरला आले तेव्हा हे अंगणात बटाटे निवडत होते. माझा चेहरा बघून समजावं म्हणून थोडा वेळ थांबले. मग विचारलं, "काय? परवडंल का?"

"शेण इकत घ्यावं लागतं तितं," मी म्हणाले.

"शेण?"

"पाटीनं. घासाघीस करून."

हे खो खो हसले. हातातला बटाटा गडगडत गेला. अंगणातल्या हमालाला बोलावून सांगितलं, "ऐकलं का, मुंबईला शेण इकत." मग मी सरपण सांगितलं, कोथिंबीर सांगितली, दीड खोली सांगितली. सगळं खरं होतं. मामांना नकार कळवला. ह्यांनी पुन्हा मुंबईचं नाव काढलं नाही. गावात ज्याला त्याला सांगत राहिले की आमच्या बायकोनं वेळीच डोळे उघडले.

मी नको म्हटलं ते महागाईमुळं नव्हे. आम्हांला परवडली असती. पण तिथं जाऊन मला काय सोडता आलं असतं? मी मोरीत ओतत राहिले असते आणि लाडू खात राहिले असते, आणि ती शेजारच्या खोलीत राहून एका शब्दानं मला बोलली नसती. ते मला परवडलं नसतं. तिनं बोलावलं होतं हे मी ह्यांना सांगितलंच नाही.

पुढच्या वैशाखात आमच्या भावाचं लग्न जुन्नरला झालं. ती आली. वाळली होती. दुपारी बायकांची पंगत बसली, मी वाढत होते. लग्नघर म्हणजे लापशी आलीच. गव्हाच्या दलियाची, गुळाची, वर तुपाची धार. आत्या तिच्या शेजारीच बसली होती. लापशीचं भांडं घेऊन मी येताना दिसले तशी आत्या म्हणाली, "हिला नगं गं वाढू. मुंबईचं त्वांड हाय ते." पंगत हसली. नवी नवरीसुद्धा पदराआड हसली.

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. त्या सगळ्यांत खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि तेवढ्यानं तिला धीर आला होता. ती माझ्याकडं बघून हसली. एक शब्द टाकला असता तर सगळी पंगत गप्प झाली असती. सांगू नको म्हणाली होती ती, म्हणून मी गप्प बसले असं नव्हे. सांगितलं असतं तर आत्यानं तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं असतं, आणि जन्मभर सगळ्या म्हणाल्या असत्या, धाकटी बघा, आणि थोरली बघा.

मी वाकले आणि तिच्या ताटात लापशीचा मोठा डाव घातला. वर तूप सोडलं. म्हणाले, "घे की. येवढी काय वाईट न्हाई आमची लापशी."

तिचं हसू तसंच राहिलं आणि मग गेलं. आमच्यात ताटातलं टाकत नाहीत. खाल्लं तर पच्चखाण मोडतं, टाकलं तर दोष लागतो. हे मी जाणून केलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. मला ठाऊक होतं. डाव कलताना ठाऊक होतं.

ती बाकी सगळं जेवली, अगदी सावकाश. लापशीभोवतीचा भात, आमटी, पापड, सगळं. मग हात ताटाशी धरून बसून राहिली. पंगत उठली. बायका हात धुवायला गेल्या. आत्या जाताना "बस आता" म्हणाली आणि गेली. खरकट्या पत्रावळींमध्ये ती एकटी बसली होती. माहेरवाशीण म्हणून तिला पितळी ताट दिलं होतं, त्यात मधोमध ती लापशी. ती रडत नव्हती, माझ्याकडं बघतही नव्हती. काय करायचं याचा खरोखर विचार करत होती, त्या तळ्याचा केला असेल तसा.

मी भांडं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर मांडी घातली. ताट माझ्याकडं ओढलं. थोरलीनं धाकटीचं उष्टं खायचं नसतं. मी खाल्लं. लापशी गार झाली होती, तूप थिजलं होतं. शेवटचा कण बोटानं पुसून घेतला, मग ताटात पाणी ओतलं, ताट धुतलं आणि ते पाणी प्याले.

ती बघत होती. लहानपणी ढेपेचा गूळ खरवडताना माझ्याकडं बघायची तशी.

"ग्वाड झालीया का?" तिनं विचारलं.

"लई," मी म्हणाले.